घरच्या यंत्रांची खातेवही

शाळेतून प्रकल्प मिळतो : ‘घरगुती उपकरणांचा इतिहास’. मुले दोन संध्याकाळींत काम उरकतात. मिक्सरचे चित्र, फ्रीजचे चित्र, प्रत्येक चित्राखाली संशोधकाचे नाव आणि सन, आणि शेवटी ‘या यंत्रांमुळे मानवाचे जीवन सुखी झाले’ असे एक ठरलेले वाक्य. प्रकल्पाला गुण मिळतात आणि वही माळ्यावर जाते. त्याच घरात आजी बसलेली असते. पहाटे उठून जात्याचा खुंटा धरलेली, स्टोव्हला पिन मारता मारता डोळ्यांत धूर गेलेली, पहिल्या कुकरची पहिली शिट्टी ऐकून दचकलेली. तिला कोणी काही विचारलेले नसते.

ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खातेवही लिहिली गेली, तेथील मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही, की केवळ जमेची बाजू लिहिलेल्या वहीला हिशेब म्हणत नाहीत. यंत्रांच्या इतिहासाचेही तसेच आहे. यंत्र कोणी शोधले, हा त्यातील एक रकाना झाला. त्यापूर्वी ते काम कोणाचे हात करीत होते, यंत्राने कोणाचे श्रम हलके केले, त्याची किंमत कोणी मोजली आणि वाचलेला वेळ अखेर कोणाच्या खात्यावर गेला, हे रकाने भरले म्हणजे इतिहास पुरा होतो.

पाच जुनी साधने

या इतिहासाची अनुक्रमणिका शोधायला दूर जावे लागत नाही. भारतीय आचारग्रंथांनी गृहस्थाच्या घरातील पाच स्थाने फार पूर्वीच मोजून ठेवली आहेत : चूल, जाते, उखळ, केरसुणी आणि पाण्याचा घडा. यांना ‘पंचसूना’ म्हणतात. या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत सूक्ष्म जीवांची हानी होते, म्हणून तेथे जपून वागावे, असा त्या गणनेचा हेतू होता. परंतु इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर ही घरातील श्रमांचीही यादी आहे. घर चालते ते या पाच जागी, आणि या पाचही जागी दिवसभर उभी असते ती घरातील स्त्री. गेल्या अडीचशे वर्षांत घरात आलेली बहुतेक यंत्रे या पाचांपैकी कोणाच्या ना कोणाच्या जागी येऊन बसली आहेत.

जाते आणि उखळ

दोन दगडी तळ्या, वरच्या तळीला खुंटा, मध्ये घास टाकण्याचे तोंड. जात्याची रचना हजारो वर्षे जवळपास तीच राहिली. पाच-सहा माणसांच्या घरासाठी रोज पहाटे दळण दळावे लागे. हे काम एकटीने करणे जड, म्हणून दोघी समोरासमोर बसत, आणि श्रम जाणवू नयेत म्हणून ओव्या गात. माहेर, भाऊ, सासर, दुष्काळ, पंढरी, लेकीचे लग्न, सारे काही त्या ओव्यांत येई. लिहिता-वाचता न येणाऱ्या स्त्रियांनी जात्यावर बसून रचलेले हे वाङ्मय होते.

गावात पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. त्याबद्दल कोणा आजीला खंत वाटली असेल असे समजू नये. खांदे भरून येणारे ते काम सुटले याचा तिला आनंदच झाला. पण जात्याबरोबर गाणेही थांबले. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या वेळीच टिपून घेतल्या, म्हणून त्या राहिल्या. यंत्राच्या खात्यावर श्रमाची बचत जमेस धरताना एका गाणाऱ्या परंपरेचा अस्त नावे टाकावा लागतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

उखळ, खलबत्ता आणि पाटा-वरवंटा यांची जागा मिक्सरने घेतली. ती कथा मुंबईची आहे. परदेशात मिळणारी यंत्रे तेथील स्वयंपाकासाठी बनलेली होती. फळांचा रस काढणे, उकडलेल्या भाज्या घोटणे एवढेच त्यांना माहीत. भिजवलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड आणि धणे त्यांच्यापुढे ठेवले की मोटर तापून जळे. सत्यप्रकाश माथूर हे मुंबईत सीमेन्स कंपनीत अभियंता होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचे जर्मन बनावटीचे मिक्सर असेच बंद पडले आणि त्याची दुरुस्ती होईना. तेव्हा भारतीय वाटणाचा भार सोसेल अशी मोटर आपणच बनवावी असा विचार माथूर दांपत्याने केला. त्यातून ‘सुमीत’ मिक्सर जन्माला आला आणि १९७० च्या दशकापासून तो घरोघर पोहोचला. दक्षिणेत इडली-डोशाच्या पिठासाठी कोईमतूरच्या कारागिरांनी दगडी रगड्यालाच मोटर जोडली. तेथील वेट ग्राइंडरला पुढे भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला. ग्राहकाच्या ताटात काय आहे हे ज्याने पाहिले त्याचा माल चालला, हा व्यापारातील जुनाच नियम येथेही खरा ठरला.

चूल

प्रेशर कुकर हे नवे यंत्र आहे असा समज आहे. वास्तविक त्याचा मूळ पुरुष साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आहे. फ्रान्समध्ये जन्मलेल्या दनी पापँ या शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे झाकण घट्ट बसवलेले एक भांडे मांडले. त्यात कोंडलेल्या वाफेच्या दाबाने पाणी नेहमीच्या १०० अंशांपेक्षा अधिक तापे आणि कठीण पदार्थ लवकर शिजत. दाब अतिशय वाढला तर भांडे फुटण्याचा धोका होता, म्हणून त्याने वाफ आपोआप बाहेर सोडणारी झडप बसवली. आजच्या कुकरची शिट्टी म्हणजे त्याच झडपेची वंशज. आजच्या कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, आणि म्हणून तासभर शिजणारी तूरडाळ काही मिनिटांत मऊ होते. भारतात हॉकिन्स कंपनीची स्थापना १९५९ ची. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत रुखवतात कुकर नाही असे लग्न क्वचितच झाले असेल.

चुलीच्या धुरातून पहिली सुटका केली ती रॉकेलच्या स्टोव्हने. स्वीडनमधील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ च्या सुमारास ‘प्रायमस’ स्टोव्ह तयार केला. पितळी टाकीत पंपाने हवा भरली की रॉकेल दाबाने वर चढते, तापून त्याचा वायू होतो आणि निळी, बिनकाजळीची ज्योत पेटते. महाराष्ट्रातील कितीतरी घरांची सकाळ त्या स्टोव्हच्या भुरभुर आवाजाने होत असे. परंतु त्याच्याही नावे बाजूला नोंद आहे. भोक तुंबणे, भडका उडणे, पदर पेटणे या घटना त्या काळी वर्तमानपत्रांत वारंवार येत.

स्वयंपाकाचा गॅस मुंबईत १९५० च्या दशकाच्या मध्यावर आला. इंडेनची पहिली जोडणी १९६५ मध्ये कोलकात्यात दिली गेली. नंतरची कित्येक वर्षे गॅसच्या जोडणीसाठी नाव नोंदवून वाट पाहावी लागे आणि सिलिंडर घरी आला की तो प्रसंग साजरा होई. शहरात हे घडत असताना खेड्यांतील लाखो स्त्रिया मात्र लाकूड आणि गोवऱ्यांच्या धुरातच होत्या. गरीब घरांना गॅस देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली ती २०१६ मध्ये. एकाच देशात, एकाच काळात दोन बहिणींच्या चुलींमध्ये अर्धशतकाचे अंतर असू शकते, हे सनावळीतून कळत नाही.

मायक्रोवेव्हची कथा निराळी. पर्सी स्पेन्सर हा अमेरिकन तंत्रज्ञ लहानपणीच पोरका झाला आणि त्याचे शालेय शिक्षणही पुरे होऊ शकले नाही. रेथिऑन कंपनीत तो रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नावाच्या नळ्यांवर काम करी. १९४५ मध्ये अशाच एका नळीजवळ उभा असताना त्याच्या खिशातील मिठाईची वडी वितळली. दुसऱ्या कोणी खिसा पुसून काम पुढे चालू ठेवले असते. स्पेन्सरने मक्याचे दाणे मागवले, ते नळीसमोर धरले आणि त्यांच्या लाह्या झाल्या. १९४७ मध्ये या तत्त्वावरची भट्टी बाजारात आली तेव्हा ती माणसाच्या उंचीची आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. हॉटेले आणि जहाजे एवढेच तिचे गिऱ्हाईक. ओट्यावर मावणारे रूप यायला १९६७ साल उजाडले.

केरसुणी

१९०१ मध्ये लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याने एक प्रात्यक्षिक पाहिले. हवेचा झोत सोडून धूळ उडवणारे ते यंत्र होते. धूळ उडे खरी, पण उडून पुन्हा तिथेच बसे. बूथला वाटले, फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने एका उपाहारगृहातील खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्यावर तोंड लावून श्वास आत ओढला, आणि रुमालाच्या खालच्या बाजूस उमटलेला काळा डाग पाहून त्याची खात्री पटली. त्याचे पहिले यंत्र घोडागाडीवर बसवलेले होते. ते रस्त्यावर उभे राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने स्वच्छ केले.

हे यंत्र हातात धरण्याजोगे केले ते एका झाडूवाल्याने. अमेरिकेतील ओहायो राज्यात, कँटन गावच्या एका मोठ्या दुकानात जेम्स मरे स्पँगलर हा साफसफाईचे काम करी. त्याला दम्याचा विकार होता आणि झाडताना उडणाऱ्या धुळीने तो वाढे. त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून एक यंत्र बनवले आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. धंदा वाढवायला त्याच्यापाशी पैसा नव्हता. विल्यम हूव्हर या चामड्याच्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने ते हक्क विकत घेतले. मोटारगाडी आल्यामुळे घोड्यांच्या खोगीर-लगामांचा आपला धंदा ओसरणार, हे हूव्हरने ओळखले होते. त्याने जाहिरात दिली : दहा दिवस यंत्र घरी वापरून पाहा, पैसे नंतर. चौकशी करणाऱ्याला यंत्र थेट न पाठवता त्याच्या गावातील एखाद्या विश्वासू दुकानदारामार्फत दिले गेले, आणि तोच दुकानदार पुढे कंपनीचा विक्रेता झाला. भारतात १९८२ मध्ये युरेका फोर्ब्जने हेच यंत्र घरोघर दार ठोठावून, दिवाणखान्यात प्रात्यक्षिक दाखवून विकले.

या साऱ्यांच्या पाठीशी असलेली एक गोष्ट विसरू नये, ती म्हणजे वीज. मुंबईत १९०५ मध्ये ट्रॅम कंपनीचे वीजकेंद्र सुरू झाले. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून सह्याद्रीच्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईत आली. भिंतीवर बटण आले तेव्हा त्याला जोडायला यंत्रे आली. ज्या घरात वीज दिवसातून चार तास, त्या घरात यंत्राचा इतिहासही तेवढाच.

पाण्याचा घडा

पाणी आणणे, भांडी घासणे, कपडे धुणे ही घड्याभोवतीची कामे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील जोसेफीन कॉक्रन या श्रीमंत गृहिणीकडे वडिलोपार्जित चिनी मातीची भांडी होती. नोकरांच्या हातून त्यांचे टवके उडत. भांडी धुणारे यंत्र बनवण्याचा विचार तिने याच कारणाने केला. पुढे १८८३ मध्ये पती वारले आणि मागे कर्ज उरले. छंद होता तो निर्वाहाचा प्रश्न झाला. एका यांत्रिकाच्या मदतीने तिने यंत्र पुरे केले आणि १८८६ च्या डिसेंबरात पेटंट मिळवले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते यंत्र गाजले. आश्चर्य असे, की गृहिणींनी ते फारसे घेतले नाही. एवढे गरम पाणी घरांत नव्हते आणि किंमतही परवडणारी नव्हती. हॉटेलांनी मात्र मागणी केली आणि धंदा त्यावर उभा राहिला. स्वतःच्या घरासाठी शोधलेल्या वस्तूचे खरे गिऱ्हाईक बाजारात दुसरीकडे उभे आहे, हे त्या बाईने ओळखले. आपल्याकडे हे यंत्र आजही थोड्याच घरांत आहे, कारण भांडी घासणाऱ्या बाईचे हात येथे यंत्रापेक्षा स्वस्त पडत आले. हेही वहीत लिहिण्यासारखे आहे.

कपडे धुण्याच्या यंत्राचा शोध एका माणसाच्या नावावर टाकणे कठीण. १७६७ मध्ये जर्मनीत याकोब ख्रिस्तियान शेफर याने लाकडी पिंपाचे यंत्र लोकांपुढे मांडले. विजेवर चालणाऱ्या पहिल्या यंत्राचे श्रेय अनेक पुस्तकांत आल्वा फिशर या अमेरिकन अभियंत्याला दिलेले आढळते. परंतु विजेच्या धुलाई यंत्रांच्या जाहिराती त्याच्या पेटंटाच्या आधीच अमेरिकेत छापल्या गेल्या होत्या. एका पुस्तकातील चूक दुसऱ्याने उतरवून घेतली आणि ती शालेय प्रकल्पांपर्यंत पोहोचली.

थंडाव्याचा व्यापार

पाचांच्या यादीत नसलेले एक यंत्र मात्र व्यापाराच्या वाटेने आले. फ्रेडरिक ट्यूडर हा बोस्टनचा व्यापारी. थंड प्रदेशातील तळ्यांवर हिवाळ्यात फुकट गोठणारे बर्फ उष्ण देशांत विकावे, अशी कल्पना त्याने काढली आणि १८०६ मध्ये पहिले जहाज वेस्ट इंडीजला पाठवले. लोक हसले. माल वितळला, तोटा झाला, कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला. त्याने नाद सोडला नाही. लाकडाच्या भुशात बर्फ टिकते हे अनुभवाने कळले. मे १८३३ मध्ये १८० टन बर्फ घेऊन ‘टस्कनी’ हे जहाज बोस्टनहून निघाले, सुमारे चार महिन्यांनी विषुववृत्त दोनदा ओलांडून कोलकात्याला पोहोचले, आणि तेव्हाही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होते. पुढच्याच वर्षी मुंबईत बर्फ उतरले. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि पाहुण्यांना पडसे झाले, ही मुंबईच्या इतिहासात सांगितली जाणारी हकिगत त्याच काळातली. चेन्नईच्या समुद्रकिनाऱ्यावर ट्यूडरच्या बर्फाची वखार आजही उभी आहे. आता ती विवेकानंदांचे स्मारक आहे.

नंतर बर्फ यंत्राने होऊ लागले आणि फ्रीज घरात आला. १९२७ चे जनरल इलेक्ट्रिकचे माथ्यावर गोल यंत्र असलेले मॉडेल अमेरिकेत विशेष लोकप्रिय झाले. परंतु सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू खेळवले जात. बर्लिनमधील एक कुटुंब अशा गळतीने मरण पावल्याची बातमी वाचून आल्बर्ट आइन्स्टाइन हळहळले. लिओ झिलार्ड या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी हलणारा भागच नसलेला, गळतीचा धोका कमी असलेला फ्रीज आखला. १९३० मध्ये त्याचे अमेरिकन पेटंट मिळाले. तो बाजारात मात्र आला नाही, कारण तोवर फ्रिऑन हा बिनविषारी वायू सापडला होता. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हाच वर्गातील वायू वर आकाशात जाऊन पृथ्वीचे रक्षण करणारा ओझोनचा थर विरळ करीत आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने जगाने त्याचा वापर थांबवण्याचे ठरवले. घरातील जीव वाचवणाऱ्या शोधाचा खर्च आकाशाच्या खात्यावर पडला होता, आणि तो दिसायला चाळीस वर्षे लागली. भारतातील पहिला फ्रीज गोदरेजने १९५८ मध्ये बनवला.

एक गोड कथा आणि तिची शहानिशा

महात्मा गांधींनी १९२४ मध्ये एका संवादात यंत्रांविषयी आपली भूमिका मांडली. माणसाला निकामी करणाऱ्या यंत्रांच्या हव्यासाला त्यांचा विरोध होता. शिवणयंत्राला मात्र त्यांनी अपवाद मानले. पत्नी हाताने शिवताना शिणते हे पाहून सिंगरने प्रेमापोटी ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. त्या काळी ती कथा सर्वत्र सांगितली जात असे.

इतिहास थोडा वेगळा आहे. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने १८३० मध्येच शिवणयंत्राचे पेटंट घेतले होते. पोट जाईल या भीतीने शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. अमेरिकेत एलियास हाउ याने १८४६ मध्ये पेटंट घेतले. आयझॅक सिंगर हा मूळचा नाटकातील नट. १८५० मध्ये बोस्टनच्या एका कारखान्यात दुरुस्तीला आलेले दुसऱ्याचे यंत्र पाहून त्याने ते सुधारले आणि १८५१ मध्ये पेटंट मिळवले. त्यामागे पत्नीप्रेमापेक्षा पैशाची ओढ अधिक होती. पेटंटाच्या वादात सिंगरला हाउ यास मोबदला द्यावा लागला. यंत्र घरोघर गेले ते सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याच्या बुद्धीने. त्याने १८५६ मध्ये हप्त्याने विक्री सुरू केली. थोडे पैसे देऊन यंत्र घरी न्यावे, त्यावर शिवून कमवावे आणि त्यातून हप्ते फेडावेत.

कथा चुकीची निघाली म्हणून गांधीजींची कसोटी खोटी ठरत नाही. यंत्राच्या मुळाशी माणसाचा शीण हलका करण्याचा विचार हवा, ही ती कसोटी. आपल्याकडे किती विधवांनी आणि परित्यक्तांनी पायाच्या शिवणयंत्रावर मुले शिकवली, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. ती नोंद सिंगरच्या चरित्रात नाही. ती त्या घरांत आहे. विद्यार्थ्याने गोड कथा तपासून पाहावी, आणि तपासताना त्यातील सत्यही हरवू देऊ नये.

वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर

आता खातेवहीचे शेवटचे पान. एवढी यंत्रे आली, तर घरातील स्त्रीचा वेळ किती वाचला?

जोआन व्हानेक या अमेरिकन संशोधिकेने १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे डोळ्यांत अंजन घालणारा आहे. पूर्णवेळ घर सांभाळणाऱ्या अमेरिकन स्त्रिया १९२० च्या दशकात आठवड्याला सुमारे ५२ तास घरकाम करीत. १९६० च्या दशकात, सारी यंत्रे घरात आल्यानंतर, तो आकडा सुमारे ५५ तास होता. असे का झाले, याचे उत्तर रूथ श्वार्ट्झ कोवान या इतिहासकार विदुषीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात दिले. धुलाई यंत्र येताच कपडे आठवड्याऐवजी रोज धुतले जाऊ लागले. शेगडी सोपी होताच एका भाजीच्या जागी तीन पदार्थ अपेक्षित झाले. सरपण फोडणे, पाणी भरणे, दळण नेणे ही पुरुषांची आणि मुलांची कामे यंत्रांनी घेतली. उरलेले सारे एका स्त्रीकडे आले. काम हलके झाले, पण संपले नाही.

भारतातील आकडेही बोलके आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात एका दिवसात विनामोबदला घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांमध्ये सुमारे ८१ टक्के होते, तर पुरुषांमध्ये सुमारे २६ टक्के. त्या कामाला या स्त्रियांचे सरासरी २९९ मिनिटे जात, या पुरुषांचे ९७ मिनिटे. मिक्सर, कुकर आणि गॅस यांनी जे वाचवले ते समान वाटले गेले नाही.

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्वीडनचे वैद्य आणि सांख्यिकीतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांनी २०१० मधील एका व्याख्यानात आपल्या घरातील पहिल्या धुलाई यंत्राची आठवण सांगितली होती. ते तेव्हा चार वर्षांचे होते. आयुष्यभर हाताने कपडे धुतलेली त्यांची आजी यंत्रासमोर खुर्ची टाकून बसली आणि कपडे धुऊन होईपर्यंत पाहत राहिली. आईने मात्र यंत्र सुरू केले आणि ती मुलाला घेऊन ग्रंथालयात गेली. तिने त्याला पुस्तके वाचून दाखवली आणि स्वतःसाठी इंग्रजीची पुस्तके आणली. वाचलेला तास अभ्यासाला गेला, आणि त्यातून एक घर बदलले.

म्हणजे यंत्र वेळ वाचवते हे खरे. तो कोठे जमा करायचा हे यंत्र ठरवीत नाही, घर ठरवते. सुनेचा वाचलेला तास आणखी एका पदार्थाला जातो, की तिच्या वाचनाला, दुकानाच्या हिशेबाला, विश्रांतीला? हा प्रश्न जेवणाच्या ताटाभोवती बसलेल्या सर्वांचा आहे.

मुलांसाठी एक वेगळा प्रकल्प

यंदा घरातील मुलांना असा प्रकल्प मिळाला तर चित्रे चिकटवण्यापूर्वी एक कोरी वही आजी-आजोबांपुढे ठेवावी. घरातील प्रत्येक यंत्रासाठी एक पान. ते कोणत्या साली आले? पावती किंवा हमीपत्र कपाटात अजून आहे का? पैसे रोख दिले की हप्त्याने? त्यापूर्वी ते काम कोण करीत होते आणि किती वेळ? यंत्र बिघडले तेव्हा दुरुस्त केले की टाकून दिले? ते आल्यावर कोणाचे काम सुटले, आणि कोणाचा रोजगार गेला? शेवटी, वाचलेल्या वेळात घरातील स्त्रीने काय केले?

सन आठवत नसेल तर लग्ने, बारसी, दुकानाचे स्थलांतर, पूर, दुष्काळ यांच्या आधारे ते लागतात. ‘धाकट्याच्या मुंजीत’ किंवा ‘नव्या घरी आलो त्या दिवाळीत’ असे उत्तर मिळाले तरी ते नोंदवावे. पुस्तकातील माहिती एकाच ठिकाणाहून उतरवू नये. दोन ठिकाणी जुळली तरच लिहावी. व्यापारी घरात पुस्तकी शिल्लक आणि गल्ल्यातील रोकड जुळल्याशिवाय रात्री दुकान बंद होत नसे. इतिहासालाही तीच शिस्त लावावी.

जात्यावरची एखादी ओवी आजीला आठवत असेल तर ती तिच्याच आवाजात फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवावी. माळ्यावरचा पितळी स्टोव्ह मोडीत घालण्यापूर्वी तो पुसून त्याचे छायाचित्र काढावे. आणि आजी सांगत असताना मध्येच कुकरची शिट्टी झाली, तर गॅस बंद करायला त्या दिवशी नातवाने उठावे.